टॅकोमाचा पूल आणि अनुस्पंदनाचा धडा

'दोलने व तरंग' हे प्रकरण शिकवता शिकवता प्रेरित कंपनांपाशी आले, की भौतिकीच्या शिक्षकाला हुरूप येतो. आधीच्या तासांना साधा दोलक, स्प्रिंगला टांगलेले वजन, ज्या-कोज्येचे आलेख असा जरा कोरडाच मामला असतो. आता मात्र दाखवण्याजोगे काहीतरी हाती लागते. पोलाद आणि काँक्रीटचा अजस्र झुलता पूल ओल्या पंचासारखा पिळला जातो, त्यावर एक मोटार अडकलेली दिसते, एक गृहस्थ रस्त्याच्या मधल्या रेघेवरून तोल सावरत चालत येतात आणि शेवटी पुलाचा मोठा तुकडा निखळून खाली पाण्यात कोसळतो. वर्ग चिडीचूप होतो. मग शिक्षक फळ्यावर एक वाक्य लिहितात : वाऱ्याची वारंवारता आणि पुलाची नैसर्गिक वारंवारता जुळली, अनुस्पंदन झाले आणि पूल पडला. मुले वाक्य उतरवून घेतात. परीक्षेत 'अनुस्पंदनाचे एक उदाहरण द्या' असा प्रश्न आला की तेच वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते आणि पूर्ण गुण मिळतात.

फिल्म अस्सल आहे. आमची तक्रार फळ्यावरच्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य कित्येक पाठ्यपुस्तकांत आहे, लोकप्रिय विज्ञानाच्या लेखांत आहे, आणि खोटे कशाला बोला, आम्ही स्वतःही ते अनेक वर्षे सांगत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, वारा तर एकसारखा वाहत होता ना? मग त्याची वारंवारता किती?" आम्ही सांगितले, की वारा झोतांनी वाहतो आणि झोतांना वारंवारता असते. ती खाली बसली. पण तिचे समाधान झाले नव्हते. तिचे बरोबर होते आणि आमचे चूक, हे पुढे स्वतः हिशेब मांडून पाहिला तेव्हा ध्यानात आले.

तो हिशेब येथे मांडू. अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा शहरापाशी समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावरचा हा पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीला खुला झाला. मधला गाळा ८५३ मीटरचा. त्या वेळी जगात तिसऱ्या क्रमांकाचा. रुंदी मात्र जेमतेम १२ मीटर. मूळ आराखड्यात रस्त्याला ताठ ठेवण्यासाठी सुमारे साडेसात मीटर उंचीच्या जाळीदार तुळया होत्या. खर्च वाचवण्यासाठी आणि पूल सडपातळ दिसावा म्हणून लिऑन मॉइसीफ या नामांकित अभियंत्याने त्यांच्या जागी भरीव पोलादी पत्र्याच्या, अवघ्या २.४ मीटर उंचीच्या तुळया सुचवल्या. ही भरीव पत्र्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जाळीतून वारा आरपार जातो, पत्र्यातून जात नाही.

पूल बांधत असतानाच वर-खाली डोलू लागला होता. लोकांनी त्याला 'गॅलपिंग गर्टी', म्हणजे उधळलेली गर्टी, असे नाव ठेवले आणि गंमत म्हणून त्यावर गाडी घालायला ते लांबून येऊ लागले. चार महिने हे चालले. ७ नोव्हेंबरच्या सकाळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ६८ किलोमीटर होता. वारा जोराचा खरा, पण वादळ म्हणण्याजोगा नव्हे. पूल नेहमीसारखा, मिनिटाला ३६ ते ३८ वेळा, वर-खाली होत होता. दहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात पुलाच्या मध्याजवळ केबलला धरून ठेवणारा एक पट्टा घसरला आणि चाल एकदम बदलली. वर-खाली होणे थांबून पूल पिळू लागला. एक कड वर गेली की दुसरी खाली, आणि मध्यापलीकडच्या अर्ध्या भागात नेमके उलट. ही पिळाची दोलने मिनिटाला सुमारे १२, म्हणजे पाच सेकंदांना एक. ऐन भरात एका बाजूचा पदपथ दुसऱ्यापेक्षा साडेआठ मीटर वर जात होता. साडेआठ भागिले बारा. कोनाची ज्या ०.७ निघते. रस्ता ४५ अंशांत कलत होता! अकराच्या सुमारास तो कोसळला. माणूस एकही दगावला नाही. अडकलेल्या मोटारीतला एक कुत्रा मात्र गेला.

मधल्या रेघेवरून चालणारे ते गृहस्थ म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक फार्कवारसन. पुलाची छोटी प्रतिकृती करून ते त्याच्या डोलण्याचा अभ्यास करत होते. पिळाच्या दोलनात मधली रेघ जवळजवळ स्थिर असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते तिच्यावरूनच चालले. निस्पंद रेषा म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले चित्र आमच्या माहितीत नाही.

आता वाऱ्याच्या झोतांचे पाहू. दहा ते अकरा या तासाभरात पूल सुमारे ७०० वेळा पिळला. झोतांमुळे हे घडायचे तर बरोबर पाच-पाच सेकंदांनी, सातशे वेळा, ताल न सोडता झोत यायला हवेत. असा तालबद्ध वारा कोणी पाहिला आहे काय? झोत कधी तीन सेकंदांनी येतो, कधी दहा. त्यांच्या बेताल धक्क्यांनी पूल थरथरेल, पण तासभर एका लयीत वाढत्या आयामाने झुलणार नाही.

चिकित्सक लेखक झोतांऐवजी भोवऱ्यांचा आधार घेतात. हे उत्तर अधिक विचारी आहे, त्यामुळे त्याची दखल नीट घ्यायला हवी. वाहत्या वाऱ्यात एखादी आडवी वस्तू धरली, की तिच्या मागे वरच्या आणि खालच्या कडेवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाने ही भोवऱ्यांची रांग ओळखली जाते. भोवरे ठरावीक कालांतराने सुटतात, म्हणजे एकसारख्या वाऱ्यालाही एक वारंवारता मिळते. ती वाऱ्याच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि वस्तूच्या उंचीच्या व्यस्त प्रमाणात असते. गुणकाची किंमत आकारावर अवलंबून असते. वाऱ्याचा वेग सेकंदाला १९ मीटर, तुळईची उंची २.४ मीटर, आणि अशा पत्र्याच्या आकाराला गुणक साधारण ०.१२. गुणाकार-भागाकार केला की सेकंदाला सुमारे १ भोवरा-आवर्तन येते. पूल मात्र पाच सेकंदांना एकदा पिळत होता. १ आणि ०.२ या वारंवारता जुळल्या असे म्हणता येणार नाही.

चौकशी समितीत स्वतः फॉन कारमान होते. शिवाय अम्मान आणि वूड्रफ हे दोन अभियंते. १९४१ च्या त्यांच्या अहवालात, आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांशी झालेल्या अनुस्पंदनाला झुलत्या पुलांच्या दोलनांत महत्त्वाचे स्थान असणे फारसे संभवत नाही, असा अभिप्राय आहे. म्हणजे पूल पडल्यावर वर्षाच्या आत हे लिहून झाले होते. पाठ्यपुस्तकांनी ते वाचले नाही. पन्नास वर्षांनी, १९९१ मध्ये, बिल्ला आणि स्कॅनलन या दोघांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये या विषयावर लेख लिहून पाठ्यपुस्तकांतील चूक दाखवून दिली. स्कॅनलन यांची हयात पुलांवरच्या वाऱ्याच्या अभ्यासात गेली होती. त्यालाही आता तीन दशके उलटून गेली. फळ्यावरचे वाक्य आहे तसेच आहे.

एका गोष्टीत पाठ्यपुस्तकांना सूट द्यायला हवी. त्याआधीचे चार महिने पूल हलक्या वाऱ्यात वर-खाली डोलत असे आणि ते डोलणे एका मर्यादेत राहत असे. त्याच्या बाबतीत भोवऱ्यांची आणि अनुस्पंदनाची भाषा बरीचशी चालेल. पण पूल त्या डोलण्याने पडला नाही. पडला तो पिळाने.

मग पिळ आला कोठून? रस्ता किंचित कलला, की वाऱ्याला समोर येणारा त्याचा कोन बदलतो. कोन बदलला की दाब बदलतो आणि कडेवरून सुटणारे भोवरेही त्या कलण्याच्या तालाने सुटू लागतात. म्हणजे भोवरे आहेतच, पण ताल त्यांचा नाही. पूल हलतो म्हणून ते तसे सुटतात. हा बदलता दाब आणि पुलाची हालचाल यांत वेळेचा थोडा फरक पडतो. वारा मंद असेल तर त्या फरकामुळे वारा पुलाच्या हालचालीला विरोध करतो, दोलने विझतात. वाऱ्याचा वेग एका ठरावीक मर्यादेपुढे गेला, की तोच दाब हालचालीच्या दिशेने ढकलू लागतो. प्रत्येक फेरीला वाऱ्याकडून थोडी ऊर्जा पुलाला मिळते, दोलन वाढते. दोलन मोठे झाले म्हणून पुढच्या फेरीत आणखी जास्त मिळते. मुलांनी अवमंदनाचे समीकरण शिकलेले असते. त्यातल्या वेगाच्या पदाचे चिन्ह उलटले, असे सांगितले की अकरावीतला हुशार मुलगाही समजतो : आयाम घटत जाण्याऐवजी वाढत जाणार. याला स्वयंप्रेरित कंपन म्हणावे. आपल्याकडे त्याला फार जुना आणि नेमका शब्द आहे. फडफड. पंधरा ऑगस्टला ध्वजस्तंभावर झेंडा फडफडतो, तेव्हा वाऱ्याची वारंवारता कोणी विचारत नाही.

येथे कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? पूल आपल्या नैसर्गिक वारंवारतेने झुलला, आयाम वाढला, यालाच अनुस्पंदन म्हटले तर काय बिघडले? आमच्या मते बरेच बिघडते. अनुस्पंदनाची खूण अशी, की प्रेरकाची वारंवारता पुढे सरकली की आयाम पुन्हा कमी होतो. थांब्यावर उभ्या असलेल्या एसटीच्या खिडक्या इंजिनाच्या एका विशिष्ट गतीला खडखडतात. चालकाने जरा ॲक्सिलरेटर दाबला की गप्प होतात. हे खरे अनुस्पंदन. टॅकोमाच्या पुलावर वारा आणखी वाढला असता तर पूल गप्प झाला नसता, जास्तच पिळला असता. उपायही वेगळे पडतात. १९५० साली त्याच जागी जो नवा पूल झाला त्याच्या तुळया १० मीटर उंचीच्या आणि जाळीदार आहेत, शिवाय रस्त्यातच वारा जायला फटी ठेवल्या आहेत. नुसती वारंवारता बदलण्याचा प्रश्न असता तर या फटींचे कारण सांगता आले नसते.

आमच्या अनुभवात वर्गात हा सगळा गुंता एका प्रश्नाने सुटतो : ताल कोणाचा? बाहेरचा प्रेरक स्वतःचा ताल घेऊन आला आणि वस्तूला त्या तालावर नाचावे लागले, तर कंपन प्रेरित. बाहेरचे बळ एकसारखे होते आणि ताल वस्तूनेच ठरवला, तर कंपन स्वयंप्रेरित. हा फरक दाखवायला पूल लागत नाही, प्रयोगशाळेतली अनुनाद नळी पुरते.

नळीच्या तोंडावर ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा धरून पाण्याची पातळी खाली-वर करण्याचा प्रयोग सगळेच करून घेतात. हवेचा स्तंभ साधारण १६ सेंटिमीटर झाला की आवाज घुमतो. इथवर सर्वांना ठाऊक. आता पाणी दोन सेंटिमीटर वर आणा आणि मुलांना विचारा, काय बदलले? आवाज क्षीण झाला. पण स्वर तोच राहिला, कारण ताल काट्याचा आहे. मग काटा बाजूला ठेवा आणि नळीच्या काठावरून आडवी फुंकर घाला. थोडा सराव लागतो. नाहीच जमले तर अरुंद तोंडाची बाटली घ्या. फुंकर एकसारखी आहे, तिला वारंवारता नाही. तरी नळी बोलते. पाणी वर आणा, आवाज क्षीण होत नाही, स्वरच चढतो. ताल नळीचा आहे. तीच नळी, तोच हवेचा स्तंभ, आणि दोन सर्वस्वी वेगळ्या घटना पाच मिनिटांत समोर येतात. बासरीवाल्याचे सारे पोट या दुसऱ्या घटनेवर चालते. पण अनेक पुस्तकांत बासरी हवास्तंभाच्या आकृतीपुरती येते आणि फुंकर तिला ऊर्जा कशी पुरवते याचा उल्लेखच नसतो.

काचेच्या पेल्याचेही तसेच. काडीने टिचकी मारली तर मुक्त कंपन, शेजारी नेमका स्वर लावला तर प्रेरित, ओले बोट काठावरून फिरवले तर स्वयंप्रेरित. आणि ज्याचा आपल्याला रोज त्रास होतो तो खडू! हात सरळ एका वेगाने चालतो आणि खडू फळ्यावर किंचाळतो. लांब खडू सैल धरून तिरका ढकलला तर रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते. हाताने ठिपके दिलेले नसतात, खडूच उड्या मारतो. मोडून आखूड केला की किंकाळी बदलते किंवा थांबते. इतके स्वस्त प्रात्यक्षिक हाताशी असताना आपण त्याला निव्वळ उपद्रव समजतो.

हाच प्रश्न आपल्या लाडक्या झोक्याला विचारला, की तोही अडचणीत येतो. झोपाळ्यावरच्या मुलाला धक्के देणे हे अनुस्पंदनाचे पहिले उदाहरण म्हणून सर्वत्र दिले जाते. पण धक्का देणारे वडील घड्याळ लावून धक्के देत नाहीत. झोका मागे येऊन क्षणभर थबकला की ते ढकलतात. म्हणजे कधी ढकलायचे हे झोकाच सांगतो. धक्क्यांचा ताल झोक्याशी जुळला हे खरे. पण तो जुळवला कोणी? डोळ्यांवर पट्टी बांधून, पाठीमागे कोणी टाळ्या वाजवील त्या तालावर धक्के द्यायला सांगितले, तरच ते पुस्तकातले प्रेरित कंपन होईल. मैदानात झोपाळा असेल तर हे करून पाहावे. मात्र झोक्यावर मूल न बसवता वाळूचे पोते ठेवावे. टाळ्यांचा ताल जरा बदलला की झोका आधी वाढतो, मग रोडावतो, पुन्हा वाढतो, हे पाहायला मजा येते. ते तसे का, हा बारावीसाठी चांगला प्रश्न आहे.

पायात पाय मिळवून चालणाऱ्या सैनिकांचे उदाहरण मात्र ठेवायला हरकत नाही. १२ एप्रिल १८३१ रोजी मँचेस्टरजवळचा ब्रॉटन येथील झुलता पूल सैनिकांच्या तालबद्ध पावलांखाली पडला; तेथे ताल बाहेरचाच होता. तथापि १८५० मधील फ्रान्सच्या आंजे गावातील पुलाची गोष्ट त्यात मिसळू नये. तेथे पाऊल मोडून चालण्याचा हुकूम दिलेला होता, वारा जोरात होता, केबलींना गंज चढला होता, आणि डोलत्या पुलावर तोल सांभाळताना सैनिकांची पावले आपोआप पुलाच्या तालाला लागली. दोनशेहून अधिक माणसे गेली. लंडनच्या मिलेनियम पुलावरही १० जून २००० रोजी, उद्‌घाटनाच्या दिवशी, कोणी कवायत करत नव्हते. पूल आडवा हलू लागला, लोक तोल सावरू लागले आणि त्या सावरण्यानेच हलणे वाढले. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला आणि हलणे शमवणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला.

वाऱ्याने होणारे अस्सल अनुस्पंदनच हवे असेल तर ते आपल्या गावाबाहेर आहे. उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर, मनोऱ्याजवळ, डंबेलसारखी छोटी वजने टांगलेली असतात. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या तारेमागे मंद वाऱ्यातही सेकंदाला वीस-पंचवीस भोवरा-आवर्तने होतात, ती तारेच्या एखाद्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळतात आणि तार थरथरते. थरथर लहानच, पण वर्षानुवर्षे चालली तर तार आधाराशी तुटते. ती थरथर शोषून घेण्यासाठी स्टॉकब्रिज या अमेरिकी अभियंत्याने १९२० च्या दशकात ही वजनांची युक्ती काढली. एसटीच्या खिडकीतून मुलांनी ही वजने शेकडो वेळा पाहिलेली असतात. ती कशासाठी, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

टॅकोमाची फिल्म मात्र वर्गातून काढू नये. टॅकोमातील छायाचित्रणाच्या दुकानाचे मालक बार्नी एलियट यांनी ती त्या दिवशी टिपली, आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत तिचा समावेश झाला. ती दाखवावी, पण फळ्यावर काहीही लिहिण्याआधी. मुलांना सेकंदकाटा असलेले घड्याळ द्यावे आणि पिळाची आवर्तने मोजायला सांगावीत. बहुतेक प्रतींत मिनिटाला १२ न येता १८ च्या आसपास येतात. मुले म्हणतील, आमचे मोजणे चुकले. चुकलेले नसते. २०१५ मध्ये 'द फिजिक्स टीचर' या मासिकात काही अमेरिकी शिक्षक-संशोधकांनी याचा उलगडा केला : चित्रीकरण सेकंदाला १६ चौकटींनी झाले होते आणि प्रती २४ चौकटींच्या वेगाने दाखवल्या जात होत्या. १६ आणि २४ हे दोन आकडे तेवढे सांगावेत आणि पुढचा हिशेब मुलांवर सोपवावा.